चाळीसच्या आत

नागपूरहून निघाल्यापासून भिवकुंड राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंत ऋजुताला एकंदर एकसष्ट प्रश्न विचारले गेले. त्यातले त्रेचाळीस माझ्या भाच्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने विचारले, आणि अठरा मी. माझे प्रश्न कामाचे होते. पाण्याची बाटली कुठे आहे, गोळी घेतली का मी, पाठीमागची उशी जरा सरकवशील का. मंदारचे मात्र, 'अगं, माझा चष्मा?' या जातीचे. चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मोजायची मला खोड आहे. एकतीस वर्षं एसटीच्या कार्यशाळेत सुट्या भागांचं भांडार सांभाळलं. कोणता बोल्ट कोणत्या खणातून कोणी नेला हे माझ्या वहीत नसेल असं झालं नाही. आता भांडार नाही, म्हणून माणसं मोजते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून मी चाकांच्या खुर्चीत, आणि खुर्ची मंदारच्या घरात. लग्न मी केलं नाही. मंदारची आई लवकर गेली, त्याला वाढवला मीच. तेव्हा दुसरीकडे जाणार तरी कुठे?

सहल माझ्यासाठी होती. म्हणजे मंदार तसं सांगत होता. तीन आठवडे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता, "आत्याला जंगल दाखवायला नेऊन राहिलो." अर्ज मात्र ऋजुताने भरला होता, आणि सात महिने रोज सकाळी उत्तर आलं का ते पाहणारीही तीच. ऋजुता वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे. लग्नाआधी वर्षभर ती याच जंगलात गवतं मोजत हिंडली होती. एकशे सात जाती सापडल्या होत्या. मग मंदारची बदली, मग मुलीची शाळा, मग मी. एकोणीस वर्षांत तिचा पाय इथे लागला नव्हता.

आता तर पाय लागायला जागाच एक उरली आहे. बाकी जंगल माणसांना बंद. उघडी आहे ती सव्वा किलोमीटरची 'सुगम वाट'. बांबूच्या लगद्याच्या फळ्यांची, जमिनीपासून हातभर वर. चढ इतका सौम्य, की खुर्चीला धाप लागत नाही. कठड्यावर अंधांसाठी ठिपक्यांची अक्षरं, दर तीनशे मीटरवर बाक. एका कुटुंबाला दोन वर्षांतून एकदा, नव्वद मिनिटं. आमची वेळ होती नऊ ते साडेदहा.

फाटकावर वनखात्याच्या मडावीबाई होत्या. पन्नाशीच्या, खाकी साडी, चेहऱ्यावर रोज नवी माणसं पाहून आलेला शांत कंटाळा. त्यांनी आमचे फोन कपाटात ठेवले आणि तिघांच्या मनगटांवर एकेक पट्टा चढवला. फाटकाच्या खांबावर फलक होता, त्यावर आमची नावं उमटली. नावापुढे आकडे.

कुंदा, एकोणीस. ती मी.

मंदार, तेवीस.

ऋजुता, एकाहत्तर. लाल.

"मशीन बिघडलं," मंदार लगेच म्हणाला. "ताई, दुसरा पट्टा द्या हिला."

दुसऱ्या पट्ट्यावर बहात्तर आले.

"चाळीसच्या वर आत नाही सोडता येत, सायेब," मडावीबाई म्हणाल्या. "माणूस बदलते, मशीन नाही बदलत."

हा आकडा काय असतो, ते अर्जासोबतच्या पत्रकात मी वाचलं होतं. शास्त्रज्ञांना बरीच वर्षं एक कोडं पडलं होतं. शाळेची पोरं कलकलाट करत गेली तरी चितळं चरत राहायची, आणि कधी चार माणसं एक अक्षर न बोलता गेली तरी शेपट्या वर करून पळायची. आवाज मोजून काही हाती लागेना. मग कोणाला तरी वासाचं सुचलं. माणूस भ्यायला, चिडला, कुढला, की त्याच्या घामातून आणि श्वासातून फार हलके रेणू उडतात. आपल्या नाकाला त्यांचा पत्ता नसतो. चितळाला दीडशे मीटरवरून लागतो. ज्याच्या मनात काही शिजतं आहे असा प्राणी जवळपास आहे, एवढंच त्याला कळतं, आणि तेवढं पळायला पुरतं. वानर खाकरतं, पाखरं चिडीचूप होतात, आणि त्या भागातलं जनावर पुढे तासभर चरत नाही. अशी दिवसाला शंभर माणसं गेली की हरणी अशक्त होतात, पाडसं जगत नाहीत. जंगलं माणसांना बंद झाली ती यापायी.

पट्टा हे रेणू मोजतो, जोडीला नाडी आणि कातडीची ओल. वाटेवरच्या खांबांत बसवलेली यंत्राची नाकं तोच हिशेब पडताळून पाहतात. शून्य ते शंभर. खात्याचा शब्द 'क्षोभांक', मडावीबाईंचा 'खळबळ'. पत्रकातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: बोलून टाकलेला राग काही मिनिटांत विरतो, गिळलेला राग तासन्‌तास झिरपत राहतो. वाचून मी ऋजुताला म्हटलंही होतं, "बघ, मी तोंडावर बोलते ते किती चांगलं." ती भाजी निवडत होती. "हो आत्या," म्हणाली.

आता ती फलकाखाली उभी होती आणि हसत होती. ऋजुताचं हसू आमच्या नात्यागोत्यात नावाजलेलं आहे. एकोणीस वर्षांत तिने आवाज चढवल्याची एकही नोंद माझ्याकडे नाही.

"अगं, पण तुला टेन्शन कसलं?" मंदार म्हणाला. "सुट्टीवर आहोत न आपण!"

पंच्याहत्तर.

"रिलॅक्स हो. लांब श्वास घे. असा नाही, पोटातून."

सत्त्याहत्तर.

मागे अमरावतीचं एक कुटुंब रांगेत उभं होतं. त्यांच्यातल्या काकू मान लांब करून फलक वाचत होत्या. मंदार ओशाळला आणि ओशाळला की करतो ते त्याने केलं, म्हणजे उपाय सुचवला.

"तू असं कर, ऋजू. डबा उघड इथे बाकावर. आम्हाला वाढ. तुला बरं वाटेल."

खोटं नाही सांगत, त्याला ते मनापासून वाटत होतं. आमच्या घरात बाई बिघडली की तिच्या हातात पळी देतात. तिला त्यातच आनंद असतो अशी समजूत आहे. ऋजुता हसली. तिने डबा उघडला, मेथीचे धपाटे काढले, माझ्या मांडीवर रुमाल पसरला आणि त्यावर एक धपाटा ठेवला, चटणी उजव्या हाताला येईल असा वळवून ठेवला, कारण माझा डावा हात चालत नाही.

ऐंशी.

"सायेब," मडावीबाई म्हणाल्या, "तुम्ही दोन मिनिटं गप्प बसता का?"

मंदार गप्प बसला. दोन मिनिटांत चौऱ्याहत्तर. मी मनातल्या मनात टाचण केलं: मंदारच्या एका वाक्याला सरासरी तीन. मला गंमत वाटली. इतकी वर्षं मी म्हणत आले की हा मुलगा बायकोला पिळतो, आणि आता त्याचा सरकारी पुरावा खांबावर टांगला होता.

तेव्हा मी सूत्रं हातात घेतली.

"ऋजुता, इकडे ये. माझ्या मागून रामरक्षा म्हण. मन कसं गार होतं बघ."

ती आली, खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली, म्हणू लागली. चार श्लोक झाले. अठ्ठ्याहत्तर.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी आहे न तुझ्या बाजूने. या माठाला काय कळतं? पण माझं लक्ष असतं हो. तू किती करतेस ते सगळं मी मोजून ठेवलंय."

पंच्याऐंशी.

एका दमात सात. मी फलकाकडे पाहिलं, मंदारनेही पाहिलं, अमरावतीच्या काकूंनी तर 'अगबाई' म्हटलं. कार्यशाळेत साठ्यात असा फरक आला असता तर मी सगळे खण उतरवून पुन्हा मोजणी केली असती. इथे पुन्हा बोलून पाहायची हिंमत झाली नाही.

"तुम्ही दोघं जा," ऋजुता उठत म्हणाली. "मी बसते इथे. खरंच. आत्यांसाठी तर आलो आपण."

"असं कसं, तू इतके दिवस..." मंदार म्हणाला.

"जा रे. वीस मिनिटं इथेच गेली."

तिने खुर्चीच्या खिशात माझी टोपी, पाणी आणि गोळ्या घातल्या, काय कुठे आहे ते मंदारला सांगितलं. तो मान हलवत होता, म्हणजे ऐकत नव्हता. आम्ही निघालो तेव्हा ती हात हलवत होती. तिच्या नावापुढे सत्त्याऐंशी होते.

मंदारने खुर्ची हातगाडीसारखी ढकलली. तीन वर्षांत त्याने ती ढकलली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. फळ्यांच्या दर सांध्याला माझे दात आपटत होते. पण वाट देखणी होती. दोन्ही बाजूंना ऐनाची झाडं, सुसरीच्या पाठीसारखी त्यांची साल, मधून मधून मोह, खाली गुडघाभर पिवळं गवत. त्या गवताला काय म्हणतात हे आम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. कठड्याशी वीस पावलांवर वानरांचं टोळकं बसलं होतं, आणि आमच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. खांबावर हिरवा दिवा. मला बरं वाटलं. मंदारच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "किती मस्त आहे न" हे नसून "टोपी कुठे ठेवली तिने?" हे होतं.

"मला काय माहीत?"

"तुझ्यासमोर ठेवली न."

"तुझ्यासमोर सांगितलं न."

दुसऱ्या बाकापाशी येईतो त्याचा हात दोनदा खिशाकडे गेला, तिला फोन करायला. फोन फाटकावर. त्याच्या मनगटावर एकतीस, मग छत्तीस. आणि मग माझी वेळ झाली.

मला लघवीला जायचं होतं.

बाकाशेजारी खास खोली होती. दार रुंद, आत खुर्ची वळेल एवढी जागा, भिंतीला पोलादी दांडे. बांधणाऱ्याने सगळ्याचा विचार केला होता. फक्त मला काखेत हात घालून उठवायला, वळवायला, कपडे सावरायला एक माणूस लागतं, आणि ते माणूस फाटकावर बसलं होतं.

"थांबवता येईल का तुला?" मंदारने विचारलं.

"किती वेळ?"

"अजून साडेसहाशे मीटर आहे वाट."

"मंदार, मी मीटर नाही विचारले."

"मग मी काय करू, आत्या? मी कसा नेऊ तुला आत?"

"मी म्हटलं का ने म्हणून?"

"मग चिडून काहून राहिली?"

माझ्या पट्ट्यावर बेचाळीस होते. त्याच्या चव्वेचाळीस. खांबावरचा दिवा पिवळा झाला आणि लाल. वरच्या फांदीवरून वानर खॅक करून खाकरलं, टोळकं एका उडीत उठलं, आणि पाठोपाठ सगळं जंगल गप्प झालं. इतकं गप्प, की घरात मोठं भांडण झाल्यावर जेवायला बसतो तसं वाटलं. खांबातून बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज आला, "कृपया परत फिरा. पुन्हा अवश्य या."

परतीच्या वाटेवर आम्ही बोललो नाही. त्याने काही फरक पडला नाही. दर खांबाचा दिवा आम्ही जवळ येताच लाल होत होता.

फाटकावर ऋजुता बाकावर बसली होती. हातात कागदी कपातला चहा, दुसऱ्या हातात कुंपणालगत उपटलेली गवताची काडी. मडावीबाईंना ती सांगत होती, "ही कुसळी. हिचं बी ओलं झालं की पीळ उलगडतो, आणि स्वतःच जमिनीत घुसतं. स्क्रूसारखं." मडावीबाई हसून काहीतरी म्हणाल्या आणि ऋजुताही हसली. हे हसू माझ्या नोंदीत नव्हतं. त्यात दात जरा वाकडे दिसत होते.

फलकावर तिच्या नावापुढे सोळा.

"तुम्ही वळणाआड गेल्याबरोबर साठ झाले," मडावीबाई आम्हाला म्हणाल्या. "चहा झाला तेव्हा तीस. ताई, जाता का आता? पस्तीस मिनिटं आहेत अजून."

ऋजुता उठली. कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. फाटकाकडे दोन पावलं टाकली, आणि तेवढ्यात मंदार सुटकेचा श्वास सोडून म्हणाला, "बरं झालं बापा, तू आहेस. आत्याला जरा बाथरूमला..."

एकोणतीस.

ती थांबली. मी म्हटलं, "मला काही नको. जा तू."

पण फलकावर माझंही नाव होतं. कुंदा, अठ्ठावन्न. एकतीस वर्षांत मी साठ्याची एकही खोटी नोंद केली नव्हती, आणि केली तेव्हा ती खांबावर लाल अक्षरांत उघडी पडली. ऋजुताने माझा आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. माझं तिला सगळं कळतं. किती वेळ मी धरू शकते तेही. चौतीस. मंदार हातात गोळ्यांचं पाकीट घेऊन उभा होता, त्याचा प्रश्न अर्धा बाहेर, अर्धा तोंडात. सदतीस.

मी बोलणार नव्हते. बोलले तर सात वाढतात हे आता मला ठाऊक होतं. मी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. अर्धी बाजू तशीही कोरीच असते.

अडतीस.

"मडावीताई, फाटक उघडा," ऋजुता म्हणाली.

आणि गेली. मंदारच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग तिने तसाच त्याच्याकडे राहू दिला. पहिल्या खांबाशी दिवा क्षणभर पिवळा झाला, मग हिरवा.

"आता?" मंदार म्हणाला.

"आता तू."

"मी? आत्या, मडावीताईंना विचारू का?"

"त्यांना फाटक सोडता येत नाही. आणि तुझं ढुंगण मी चार वर्षं धुतलंय, तेव्हा मी कोणाला विचारलं नव्हतं. चल."

फाटकाशेजारीही तशीच खोली होती. आत कसं केलं ते विचारू नका. त्याने मला चुकीच्या बाजूने उचललं, दांडा धरायचा सोडून नळ धरला, नळ सुटला, दोघंही भिजलो. एकदा मी पडलेच होते. पण झालं. हात धुताना तो आरशात न पाहता म्हणाला, "हे ती रोज करते?"

"दिवसातून सहा वेळा. थंडीत आठ."

"मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"मोजत होते न," मी म्हटलं, आणि स्वतःच्याच कानाला ते वाईट लागलं.

मग आम्ही फाटकासमोर बसून राहिलो. मंदारने टोपी शोधली, माझ्या डोक्यावर ठेवली, तिरपी. धपाट्याचे तुकडे केले, मोठे. आपण हे सगळं केलं ते कधी एकदा तिला सांगतो असं त्याला झालं होतं. मांडी हलत होती त्याची. फलकावर ऋजुता अकरा होती, मग आठ, मग सहा. सहा हा आकडा मडावीबाईंनीही या मोसमात पाहिला नव्हता.

साडेदहाला चार मिनिटं कमी असताना ती वळणावर दिसली. सावकाश चालत होती, हात कठड्यावरून घसरत येत होता. तिच्यापासून पंधरा पावलांवर एक चितळ चरत होतं. त्याने मान वर केली, तिला पाहिलं, पुन्हा खाली घातली.

मग तिने मान वर केली, आणि आम्हाला पाहिलं.

चौदा.

मंदारने तोंड उघडलं. मी चालता हात त्याच्या मनगटावर आवळला. त्याने तोंड मिटलं, आणि खरंच मिटून ठेवलं. त्याचे उपकारच म्हणायचे. ती जवळ येत होती. पंचवीस. आम्ही अक्षर काढलं नव्हतं. बत्तीस. मागे चितळाने शेपटी उभी केली आणि ते झाडीत शिरलं. ऋजुताने वळून त्याची रिकामी जागा पाहिली. फाटकाच्या आत, एका पावलावर, ती उभी राहिली. फलक तिच्या डोक्यावरच होता. एकोणचाळीस.

"ताई, वेळ झाली," मडावीबाई हळूच म्हणाल्या.

"हो. येते." ती हलली नाही.

"मंदार," मी पुटपुटले, "खुर्ची मागे घे."

"काय?"

"मागे घे म्हणते न. वळवू नको. तशीच."

त्याने खुर्ची मागे ओढली. दहा पावलं. फलकावर छत्तीस. त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पाहायला मी मान वळवली नाही. वीस पावलं. एकतीस. अमरावतीचं कुटुंब बाजूला झालं, आम्ही त्यांच्यामधून उलटे गेलो, चाकं खडीत रुतली, त्याने नेट लावून ओढलं. ऋजुता आमच्याकडे पाहत उभी होती. हसत नव्हती.

"अजून," मी म्हटलं.

गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेलो. पाठीला आमच्या गाडीचं दार लागलं. तिथून फलकावर नाव दिसत होतं, आकडा वाचता येत नव्हता.

तेव्हा तिने मडावीबाईंच्या हातात पट्टा काढून दिला, फाटकाबाहेर पाऊल टाकलं, आणि सरळ आमच्याकडे चालू लागली. नागपूरला जाणारी गाडी तेवढी एकच होती.